ईस्टरआधीच्या उपवासकाळात मटण सोडलं पण मन तसंच राहिलं, तर तो उपवास देवाला चालतो का?

नाही, नुसतं ताटातलं मटण गेलं आणि भावाशी धरलेला अबोला तसाच राहिला तर बायबलप्रमाणे तो उपवास नाहीच. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) योएल संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २:१३ वाचतात बघा, कपडे नाही, हृदय फाडा, आणि यशया ५८ तर त्याहून थेट आहे, अन्यायाच्या बेड्या तोडा, भुकेल्याला आपल्यातली भाकरी द्या, मला तो अध्याय प्रत्येक वेळी हलवून सोडतो. पण म्हणून विधीच सोडून देऊ नका हं. मत्तय २३:२३ मध्ये पुदिना, शेप, जिऱ्याचाही दशांश (देवाला द्यायचा दहावा हिस्सा) मोजणाऱ्या शास्त्री-परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपंडितांना, येशू चांगलंच सुनावतो, न्याय, दया, विश्वास सोडलात म्हणून, तरी दशांश बंद करा म्हणत नाही, हे (न्याय, दया, विश्वास) करायचंच होतं आणि तेही (दशांश) सोडायचं नव्हतं असं म्हणतो.