अंतराळातले रंग जुळवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी अँड्रॉइडसाठी अंतराळयानावर बेतलेला रंग जुळवण्याचा गेम बनवतो आहे. पट ८ × ८, रंग ६. पट उघडताच दोन-तीन तिकड्या (एकाच रंगाचे सलग तीन खडे) आपोआप फुटतात आणि खेळाडूला फुकट गुण मिळतात. उलट कधी कधी खेळता खेळता एकही चाल उरत नाही. काय चुकते आहे?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : पहिली अडचण गणिताचीच आहे. ८ × ८ च्या पटावर सलग तीन घरांच्या आडव्या जागा ४८ आणि उभ्याही ४८, म्हणजे एकूण ९६. सहा रंगांत तीनही खडे एकाच रंगाचे निघण्याची शक्यता ३६ मध्ये १. म्हणून नुसते यादृच्छिक रंग भरले की सरासरी २.७ तिकड्या तयारच निघतात. पाच रंगांत हा आकडा ३.८ वर जातो आणि चार रंगांत थेट ६ वर. रंग कमी केले की पट स्वतःच खेळत सुटतो, तो यामुळे.

उपाय सोपा आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीने भरत जा. प्रत्येक घरात रंग टाकण्याआधी डावीकडची दोन आणि वरची दोन घरे पाहा. एखादी जोडी एकाच रंगाची असेल, तर तो रंग त्या घरापुरता वगळा. जास्तीत जास्त दोनच रंग वगळावे लागतात, त्यामुळे सहांपैकी किमान चार नेहमी हाताशी राहतात.

आता कोंडी, म्हणजे एकही चाल न उरणे. पटावर शेजारी-शेजारी घरांच्या जोड्या ११२ आहेत. प्रत्येक जोडी फक्त मेमरीत अदलाबदल करा, तिकडी होते का पाहा आणि परत जागेवर ठेवा. आजच्या फोनला याचा भार जाणवतही नाही. एकाही जोडीतून तिकडी होत नसेल, तर पत्त्यांसारखे खडे पिसा. पिसलेल्या पटावर मात्र दोन्ही अटी तपासायच्या : तयार तिकडी नको आणि किमान एक चाल हवी. अनेक जण पहिलीच तपासतात आणि तिथे फसतात. पन्नासएक प्रयत्नांत जमले नाही, तर पट नव्याने भरा. ही तपासणी सगळे खडे स्थिरावल्यावर एकदाच करा.

आणखी दोन चुका हमखास होतात. तिकडी दिसताच खडे काढून टाकले, तर 'एल' किंवा 'टी' आकाराची जुळणी अर्धवट राहते, कारण दोन्ही बाजूंना सामायिक असलेला खडा आधीच गेलेला असतो. आधी पूर्ण पटावर खुणा करा, मग एकदम काढा. दुसरे म्हणजे, खडे पडत असताना स्पर्श बंद ठेवा. नाहीतर बोट एका खड्यावर आणि चाल दुसऱ्याच घरावर नोंदली जाते.

पटाची रुंदीही पाहा. गूगलच्या मार्गदर्शनानुसार बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचे पडद्यावरच्या मापाचे एकक) हवी. आठ घरांना ३८४ डीपी लागतात आणि बऱ्याच फोनची रुंदी ३६० डीपीच असते. सात उभ्या ओळी घेतल्या, तर ३३६ मध्ये भागते. आम्ही सातच घेऊ. पट बदलला की वरचे ९६ आणि ११२ हे आकडेही बदलतील, पद्धत तीच राहील.

प्रश्न : यान ग्रहाच्या बाजूला वळले की खडे खाली न पडता ग्रहाच्या दिशेने पडावेत, हे कसे करायचे?
(तोच विद्यार्थी)

उत्तर : कल्पना सुरेख आहे. २००५ च्या 'मेटिऑस' या निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या गेमयंत्रावरच्या गेममध्ये ग्रहागणिक गुरुत्वाकर्षण वेगळे होते, आणि त्यामुळे एकच नियम दर वेळी नवा वाटत असे. पडण्याची दिशा कोडमध्ये 'खाली' अशी पक्की लिहू नका. ती दोन आकड्यांत ठेवा : (०, १) म्हणजे खाली, (१, ०) म्हणजे उजवीकडे. घरे तपासायला सुरुवात नेहमी खडे जिथे साठतात त्या कडेपासून करा. उलट्या कडेने गेलात, तर मध्ये भोके राहतात. नवे खडे समोरच्या कडेने आत येतील.

प्रश्न : माझ्या काकांना अशा गेममधले लाल आणि हिरवे खडे सारखेच दिसतात. काही सोय आहे का?
(वाचक, मडगाव)

उत्तर : आहे. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, तिथे 'कलर करेक्शन'. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ', त्यात 'कलर फिल्टर्स'. लाल-हिरव्याचे दोन पर्याय असतात. दोन्ही लावून काकांनाच निवडू द्या.

पण खरी जबाबदारी गेम बनवणाऱ्याची आहे, हे आम्ही ठामपणे सांगतो. प्रत्येक रंगाला स्वतःचा आकार हवाच : लाल त्रिकोण, हिरवा षटकोन, पिवळा तारा, निळे वर्तुळ. अंतराळाच्या गेममध्ये धोका दुहेरी असतो. काळ्या पार्श्वभूमीवर शुद्ध निळा फार अंधूक दिसतो. त्याची काळ्याशी उजळपणाची तफावत जेमतेम २.४ : १ भरते, आणि सुगम्यतेच्या निकषानुसार चित्रांना ३ : १ लागते. निळ्यात थोडा पांढरा मिसळा. निऑनसारखी झळाळी वाढवली, तर खड्याचा मध्य पांढरा पडतो आणि सगळे रंग एकसारखे दिसू लागतात. झळाळी कडेपुरती ठेवा. तपासायचे असेल, तर 'अबाउट फोन'मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडा आणि 'सिम्युलेट कलर स्पेस'मध्ये एकरंगी दृश्य निवडा. तसाच एक डाव खेळता आला, तर गेम पास.

प्रश्न : अशाच एका गेमच्या एका टप्प्यात २५ चालींत ३० निळे खडे जमवायचे असतात. दर वेळी चार-पाच कमी पडतात.
(गृहिणी, नाशिक)

उत्तर : ३० निळे म्हणजे किमान १० निळ्या तिकड्या. उरलेल्या १५ चाली वाट मोकळी करायला आहेत, त्या जपून वापरा. दिसली तिकडी की फोडायची, ही सवय मोडा. खालच्या ओळीत चाल केली की वरचे सगळे सरकते, नशिबाने एकामागून एक तिकड्या फुटण्याची साखळी लागते, पण जुळवून ठेवलेले निळेही विस्कटतात. म्हणून सुरुवातीच्या सात-आठ चाली खाली खेळा. निळे जवळ आले की वरच्या भागात खेळा. उभी तिकडी एकच उभी रांग हलवते, आडवी तिकडी तीन उभ्या रांगा, हेही लक्षात ठेवा. चार सलग निळे जुळत असतील तर तिकडीवर समाधान मानू नका : बहुतेक गेममध्ये त्यातून अख्खी ओळ साफ करणारा खडा मिळतो, आणि तो निळ्यांनी भरलेल्या ओळीत फोडायचा.