दोघांची सहल आणि चौघांचं पॅकेज

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही डोंबिवलीला राहतो. माझं वय ५५, ह्यांचं ६१. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. तो शाळेत असताना त्यांची सहल खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला गेली होती, तेव्हापासून आम्ही दोघं ‘एकदा आपणही जाऊ’ म्हणतोय आणि राहूनच जातंय. आता हे निवृत्त झालेत. एका एजंटने दोन रात्री, तीन दिवसांचं पॅकेज सांगितलं, पण ते आमच्या आवाक्यातलं नाही. एक रात्र राहून पंधरा हजारांत दोघांचं होईल का? ह्यांना बीपीची गोळी चालू आहे. आणि आमच्या जाऊबाई विचारतात, या वयात पोरांच्या पार्कात जाऊन काय करणार?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होईल, आणि नीट ठरवलंत तर त्यातून चार पैसे उरतीलही.

एकवीस वर्षं मी ठाण्यात एका बुकिंग ऑफिसात टेबलामागे बसले. तिथे रोज बघत होते की थीम पार्कची पॅकेजेस ‘दोन मोठे, दोन लहान’ असा हिशोब धरूनच बांधलेली असतात. मुलांचं राहणं फुकट, मुलांचा नाश्ता फुकट, खोली मोठी, मुलं दमतात म्हणून दिवस जास्त. हे जे फुकट दिसतं, ते एकूण आकड्यात कुठेतरी धरलेलंच असतं. तुम्ही दोघंच जाणार, म्हणजे मुलांच्या वाट्याचं काही पदरात पडणार नाही आणि पैसे मात्र पुरते जातील. म्हणून तुमच्यासारख्यांना मी नेहमी एकच सांगते, पार्कचं तिकीट वेगळं काढा आणि खोली वेगळी घ्या.

आमचे हात यात एकदा पोळलेत. ओळखीच्या एका एजंटने ‘पार्क प्रवेशासह’ असं म्हणून पॅकेज दिलं. दारावर गेल्यावर कळलं, प्रवेश फक्त वॉटर पार्कचा होता. मी सुती पंजाबी ड्रेस घालून गेलेली. सुती कपड्यांवर पाण्यात सोडत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो, तो तिथे भाड्याने घ्यावा लागला. आणि ज्या राइड्ससाठी एवढ्या लांब गेलो, त्या कुंपणापलीकडे वर-खाली जाताना दिसत होत्या. ह्यांनी दिवसभर तोंडातून शब्द काढला नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तेव्हा आधी हे समजून घ्या. इमॅजिकाच्या एकाच आवारात थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झालं, वॉटर पार्क २०१४ मध्ये, आणि स्नो पार्क त्यानंतर. तिन्हींची तिकिटं वेगळी असतात. जोडतिकीट स्वस्त वाटतं, पण एका दिवसात तुमच्याच्याने दोन पार्क होणार नाहीत, आणि करूही नका. फक्त थीम पार्कचं तिकीट घ्या, तेही त्यांच्याच संकेतस्थळावरून, आधी. ज्येष्ठ नागरिकांच्या तिकिटाचा रकाना बघा. तुमच्या ह्यांची साठी झाली आहे, आधार कार्ड बरोबर असू द्या. दिसणारा आकडा करासह आहे की कराविना, तेही तपासा. या तिकिटावरचा जीएसटी २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी दोन तिकिटांवर तो चांगलाच जाणवतो.

आता तारीख. सगळेजण ‘शनिवार-रविवार टाळा’ एवढंच सांगून मोकळे होतात. पण डिसेंबर-जानेवारीत मंगळवार-बुधवारीसुद्धा शाळांच्या सहलींच्या बसगाड्या ओळीने लागलेल्या असतात. मे महिन्यात ऊन आणि सुट्टी दोन्ही. पावसाळ्यात खोपोलीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार, जोर धरला की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा पहिला पंधरवडा, मधला वार. बारावी-दहावीच्या परीक्षा चालू, बाकीच्या घरांतही अभ्यासाचं वातावरण, आणि सकाळची हवा अजून बरी असते. रांग नसली की रांग चुकवायच्या महागड्या पासचे पैसेही वाचतात. फक्त मध्ये महाशिवरात्र किंवा होळीची जोडसुट्टी येत नाही ना, ते कॅलेंडरवर बघून घ्या.

डोंबिवलीहून जाणं-येणं तर खिशाला अजिबात जड नाही. खोपोली लोकल पकडायची, नाहीतर कर्जतला जाऊन बदलायची. कर्जतपुढे पळसधरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली, तिथे रूळच संपतात. स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात, पाली रस्त्याने पार्क आठ-नऊ किलोमीटर आहे. बसण्याआधी भाडं ठरवा आणि उतरताना रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा. संध्याकाळी पार्क सुटतं तेव्हा सगळ्यांना एकदमच रिक्षा हवी असते.

मुक्कामाचं मात्र नीट ऐका. लोक दिवसभर पार्कात पाय तुटेपर्यंत फिरतात आणि मग रात्री खोलीचे पैसे भरून नुसते झोपतात. तुम्ही आदल्या रात्री राहा. पार्काला लागूनच मोठं हॉटेल आहे, छान आहे, पण तुमच्या पंधरा हजारांतला मोठा घास तेच घेईल. खोपोलीत स्टेशनच्या आसपास साधी, स्वच्छ लॉजेस आहेत. गेल्या खेपेला आम्ही १,८०० रुपयांत राहिलो. गरम पाणी होतं, चादरी धुतलेल्या होत्या, आम्हाला आणखी काही नको होतं. दुपारी पोचलात तर संध्याकाळी महडच्या वरदविनायकाला जाऊन या, रिक्षाने जवळ आहे. (रिक्षावाल्याला ‘महड’ असंच सांगा. चवदार तळ्याचं महाड वेगळं आणि बरंच लांब.) तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय असं सांगतात. अष्टविनायकातलं एक दर्शनही होईल आणि सहलीचा पहिला दिवस मोकळा जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी खोपोलीतच पोटभर नाश्ता करा, कारण बाहेरचं खाणं पार्कात नेऊ देत नाहीत आणि आतले दर बाहेरच्यासारखे नसतात. बीपीची गोळी मात्र पर्समध्ये ठेवा, दारावर दाखवून आत नेता येते. दार उघडताना तिथे हजर राहा. पहिला दीड तास सोन्यासारखा असतो, त्या वेळात दुपारच्या दुप्पट राइड्स होतात.

तुमच्या ह्यांच्या बीपीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, आणि मोघम नको, राइडची नावं घेऊन विचारा. नायट्रो, स्क्रीम मशीन, डेअर टू ड्रॉप यांच्या वाटेला जाऊ नका. डीप स्पेस बाहेरून साधी इमारत वाटते, पण आत काळोखात रोलर कोस्टर आहे, तीही नको. प्रत्येक राइडच्या तोंडाशी हृदय, बीपी, मान, पाठ यांची पाटी असते. घाईत पुढे जाऊ नका, थांबून वाचा. राजासॉरसच्या होडीत शेवटी पाणी उडतं, तिथलीही पाटी वाचूनच ठरवा. तो डायनासोर मनाने रचलेला नाही बरं का, त्याची हाडं गुजरातेत सापडली होती आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस हे नाव मिळालं. अलिबाबाच्या गुहेत गाडीत बसून बंदुकीने निशाणे टिपायचे असतात, त्यात माझे नेहमी ह्यांच्यापेक्षा जास्त गुण होतात.

आणि जाऊबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला ‘आय फॉर इंडिया’ या राइडमध्ये मिळालं. बाकड्यासारख्या रांगेत बसवतात, पट्टा लावतात, आणि आसन उचलून मोठ्या गोल पडद्यासमोर धरतात. पाय लोंबकळत राहतात. ह्यांनी आधीच चपला काढून खाली एकाला एक लावून ठेवल्या होत्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. आसन हललं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. डोंगर, नद्या, किल्ले पायाखालून जायला लागले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती तेव्हा. इतक्या वर्षांत चारचौघांत त्यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. दिवे लागले तरी सोडला नव्हता. शेजारच्या कॉलेजच्या मुलाने विचारलं, “काका, परत बसायचंय का?” हे लगेच “हो” म्हणाले. मधला वार होता, रांग नव्हती, आम्ही परत बसलो.

जाऊबाईंना एवढंच सांगा, आणि जमलं तर त्यांनाही घेऊन जा.

निघताना मोबाइलवर एम-इंडिकेटर उघडून खोपोलीहून सुटणाऱ्या गाड्या बघून ठेवा. कर्जत-खोपोली मार्गावर गाड्या अंतराने असतात. एक चुकली तर फलाटावर बराच वेळ बसावं लागतं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको पुढच्या दिवाळीत हाँगकाँग डिस्नेलँडला जायचं म्हणतोय. डिस्नेच्या हॉटेलात राहणं परवडणारं नाही. बाहेर राहिलो तर मजा जाईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात जाणार नाही. तिथे पार्कच्या दाराशी मेट्रो जाते. तुंगचुंग मार्गावर कुठेही हॉटेल घ्या, सनी बे स्थानकावर उतरा आणि डिस्नेलँडची छोटी गाडी पकडा. तिच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत, मजा तिथूनच सुरू होते. दोघांसाठी एक दिवसाचं तिकीट पुरतं, ते पार्क डिस्नेच्या इतर पार्कांच्या मानाने लहान आहे. तिकिटाचे दर तारखेनुसार बदलतात, म्हणून आधी त्यांच्या कॅलेंडरमध्ये स्वस्त दिवस शोधा आणि मग विमानाच्या तारखा ठरवा. १ ऑक्टोबरपासूनच्या चिनी सुट्टीच्या आठवड्यात मात्र तिथे पाऊल ठेवू नका.

आणखी एक. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट असते, एजंटला त्याचे पैसे देऊ नका. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टवर आहे अक्षरन् अक्षर तशीच भरा, आणि दोघांच्याही नोंदणीची चिठ्ठी छापून हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका.