कोअ‍ॅक्सियल केबलमधलं चुंबकीय क्षेत्र अँपिअरच्या नियमाने कसं काढायचं? बाहेरच्या वाहकापाशी माझं नेहमी चुकतं.

चुकतं कारण तिथेही तुम्ही आतल्या तारेचा अख्खा प्रवाह धरून बसता. आतली तार आणि मधलं इन्सुलेशन तुम्हाला जमतं असं धरतो. बाहेरच्या वाहकात, म्हणजे जाळीत, आर त्रिज्येचं वर्तुळ काढलं की परतीच्या प्रवाहाचाही काही हिस्सा त्यात सापडतो, तो वजा करायचा. उरतो आय × (सी² − आर²) ÷ (सी² − बी²). आय म्हणजे आतल्या तारेतला प्रवाह, बी म्हणजे बाहेरच्या वाहकाची आतली त्रिज्या, सी बाहेरची. त्याला म्यू-नॉटने (निर्वाताच्या चुंबकीय स्थिरांकाने) गुणा, २ × पाय × आर ने भागा. आरच्या जागी सी टाकून शून्य आलं नाही तर सगळं खोडा.

आता त्या शून्याबद्दल. सांगलीत डिप्लोमाच्या ओरलला एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, विचारलं, केबलबाहेर क्षेत्र शून्य का? मी म्हणालो, जाणारा प्रवाह आणि येणारा सारखाच, बेरीज शून्य. "बेरीज कसली? जाळी अडवते. शील्ड उगाच म्हणतात का?" मार्क गेले. आमचे सर शेजारी बसून मान डोलावत होते.

माझ्या मामांचा गावभागात केबलचा धंदा. त्याच संध्याकाळी दुकानात गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडला, म्हणजे साधारण साडेचार अँपिअर. केबल उत्तर-दक्षिण ताणली, दोन सेंटिमीटर खाली होकायंत्र. प्रवाह जाळीतून परत आणला: सुई ढिम्म. मग जाळी दोन्ही टोकांना सोडवली आणि परतीची वायर लांबून, पार काउंटरला वळसा घालून आणली. सुई जवळजवळ पंचेचाळीस अंश फिरली. केबल तीच, जाळी तीच. मग आता काय जाळी झोपली होती?

मामा म्हणाले, "छान. ह्याचे मार्क कोण देणार?"

म्हणून सांगतो, शील्ड हा शब्द पाठ करून उत्तरं देऊ नका. वर्तुळ काढा, आतला प्रवाह मोजा.

हां, वरचं सूत्र प्रवाह सगळ्या छेदात सारखा पसरलेला असेल तरच. टीव्हीच्या सिग्नलला तो पृष्ठभागालाच चिकटून वाहतो. स्वस्त केबलची कोअर, म्हणजे आतली तार, तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी असते, तिच्या आत नुसता म्यू-नॉट चालत नाही. आणि जास्त फ्रिक्वेन्सीला जाळी खरंच अडवते, तेवढं मान्य. पण ओरलचा प्रश्न डीसीचा, म्हणजे एकाच दिशेच्या स्थिर प्रवाहाचा होता, आणि ते एक्स्टर्नलनी स्वतःच सांगितलं होतं.