गणिताला चढलेला गंज: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: पदवी घेऊन १२ वर्षं झाली. मृद व जलसंधारणाच्या कामांवर असतो. रोजची आकडेमोड जमते, पण इंटिग्रेशन आणि डेरिव्हेटिव्ह पार विसरलोय. पहिल्या वर्षाची पुस्तकं दोनदा काढली आणि आठवडाभरात परत ठेवली. सुरुवात कुठून करावी? *(कनिष्ठ अभियंता, बीड जिल्हा)*

उत्तर: पुस्तकाच्या पहिल्या पानापासून करू नका. तिथे ज्या क्रमाने विषय येतात, तो शिकवायच्या सोयीचा क्रम आहे. तुमची गरज वेगळी आहे. तुमच्या अंदाजपत्रकातलं एक गणित घ्या आणि ते तळापर्यंत खणा. शेततळंच घेऊ.

वरचं माप ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार दीडास एक. म्हणजे १ मीटर खाली गेलं की प्रत्येक बाजू १.५ मीटर आत येते. ३ मीटरला ४.५ मीटर, दोन्ही बाजू मिळून ९. तळ झाला २१ × २१ मीटर. आता कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी अंदाज करा. मधली बाजू २५.५ मीटर, तिचा वर्ग साधारण ६५०, गुणिले ३, म्हणजे १,९५० घनमीटरच्या आसपास. कोणी २,७०० घनमीटरचं खोदकाम लिहून आणलं, तर त्याने उतार धरलेलाच नाही हे तिथल्या तिथे कळतं.

वरच्या आणि तळाच्या क्षेत्रफळांची सरासरी (९०० अधिक ४४१, भागिले २) खोलीने गुणली तर २,०११.५ घनमीटर येतात. प्रिझमॉइडल सूत्राने, म्हणजे वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि मधल्याची चौपट यांची बेरीज करून खोलीच्या सहाव्या हिश्शाने गुणलं, की ३/६ × (९०० + ४४१ + ४ × ६५०.२५) = १,९७१ घनमीटर. फरक ४०.५ घनमीटरचा, सुमारे २ टक्के. एका तळ्याला तो चालून जाईल, पन्नास तळ्यांच्या देयकात तो २,००० घनमीटरच्या वर जातो. इथे हमखास होणारी चूक अशी: मधलं क्षेत्रफळ काढताना बाजूंची सरासरी घ्यायची असते, क्षेत्रफळांची नाही. क्षेत्रफळांची घेतली तर ६७०.५ येतात आणि एवढं मोठं सूत्र वापरूनही उत्तर पुन्हा २,०११.५ च निघतं.

आता इंटिग्रेशन. तळापासून ‘य’ मीटर उंचीवर बाजू (२१ + ३य) मीटर असते आणि क्षेत्रफळ तिचा वर्ग. तळ्याचे कागदासारखे पातळ थर करून सगळ्यांची बेरीज करायची, एवढाच इंटिग्रेशनचा अर्थ. बाजूच्या वर्गांची बेरीज करताना तिचा घन घेऊन ९ ने भागायचं (एक ३ घाताचा, दुसरा ‘य’ च्या आधीचा), म्हणून ती बेरीज येते (३०³ − २१³) ÷ ९ = (२७,००० − ९,२६१) ÷ ९ = १,९७१. अगदी तेच उत्तर. प्रिझमॉइडल सूत्र म्हणजे कॉलेजात शिकलेला सिम्पसनचा नियमच आहे, आणि तीन घातांपर्यंतच्या बहुपदीला तो अचूक उत्तर देतो. तुम्ही इतकी वर्षं इंटिग्रेशन वापरतच होता, फक्त त्याचं नाव विसरला होता.

याच गणितातून पुढचाही प्रश्न सुटतो. वरचा अर्धा मीटर मोकळा सोडला तर पाणी किती? पाण्याच्या पृष्ठभागाची बाजू २८.५ मीटर, म्हणून (२८.५³ − २१³) ÷ ९ = १,५४३ घनमीटर. खोलीचा सहावा हिस्सा सोडला, पण साठवणीचा पाचव्या हिश्शाहून जास्त भाग गेला, कारण तळं वरच रुंद असतं. शेतकऱ्याला सांगायचा आकडा हा आहे, १,९७१ नव्हे. हे पाणी एका हेक्टरवर पसरलं तर १५४ मिलिमीटर भरतं.

आणि डेरिव्हेटिव्ह? पाण्याची पातळी किंचित बदलली की साठा किती बदलतो, त्याचा दर. तो दर म्हणजे त्या पातळीवरच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. तळं भरलेलं असताना २८.५ चा वर्ग ८१२ चौरस मीटर, म्हणून पातळी १ सेंटीमीटर उतरली की सुमारे ८,१०० लिटर गेले. तळाजवळ, बाजू २२ मीटर असताना, तेवढ्याच उतारात ४,८०० लिटर जातात. उन्हाळ्यात गळती आणि बाष्पीभवन मोजताना एकच आकडा सगळीकडे वापरला की हिशोब इथेच बिघडतो.

रोज अर्धा तास द्या आणि असं एकच गणित आठवडाभर उलटंसुलटं करा. उतार १:१ धरा, तळं आयताकृती करा, खोली शोधायला सांगा. प्रत्येक ओळीत एकक लिहा. मीटरला मीटरने गुणून शेवटी घनमीटर उरत नसतील, तर चूक कुठल्या ओळीत आहे ते एककच दाखवून देतं.

प्रश्न: वाळूजला एका कारखान्यात टर्निंगवर, म्हणजे लेथवर आहे. टेपरचा (निमुळत्या भागाचा) कोन काढताना कधी बरोबर येतो, कधी भलताच. मोबाइलवर एक उत्तर, एक्सेलमध्ये दुसरं. *(डिप्लोमाधारक, छत्रपती संभाजीनगर)*

उत्तर: इथे तीन चुका एकमेकींत मिसळतात. त्या एकेक करून वेगळ्या काढू. मोठा व्यास ४०, लहान व्यास ३०, लांबी ६० मिलिमीटर. कंपाउंड स्लाइड (लेथचा हत्यार तिरकं सरकवणारा भाग) फिरवायची ती अर्ध्या कोनात, म्हणून टॅन = (४० − ३०) ÷ (२ × ६०) = ०.०८३३. कोन ४.७६ अंश. छेदातला २ विसरलात तर ९.४६ अंश येतात आणि जॉब भंगारात जातो.

दुसरी चूक रेडियनची. एक्सेल कोन नेहमी रेडियनमध्ये देतं आणि मागतं. उत्तर ०.०८३ दिसलं तर तो अंश नाही, त्याला १८० भागिले पायने गुणायचं, किंवा डिग्रीज हे फंक्शन लावायचं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर कोपऱ्यात ‘डिग्री’ की ‘रेडियन’ हे आधी बघा. खात्री करायची तर ३० अंशांचा साइन काढा, तो ०.५ आलाच पाहिजे. उणे ०.९८८ आला तर यंत्र रेडियनवर आहे.

तिसरी चूक मिनिटांची. ४.७६ अंश म्हणजे ४ अंश ७६ मिनिटं नव्हे. दशांशाचा भाग ६० ने गुणायचा: ४ अंश ४६ मिनिटं.

तोंडी पडताळाही ठेवा. लहान कोनाला टॅनची किंमत ५७.३ ने गुणली की जवळपास अंश मिळतात. ०.०८३३ × ५७.३ = ४.७७. दहा अंशांच्या आत हा पडताळा विश्वासाचा आहे.

प्रश्न: ग्राहक कंपनी सीपीके १.३३ मागते. आमचा सीपी १.३३ येतो, तरी माल परत येतो. असं का? *(सुटे भाग पुरवठादार, चिकलठाणा)*

उत्तर: माल मापाच्या मर्यादांमध्ये किती नीट बसतो ते हे दोन आकडे सांगतात. सीपी फक्त मापांचा पसारा किती ते सांगतो. तो पसारा कुठे बसलाय ते सीपीके सांगतो. शाफ्टचं माप २५.०० ± ०.०२ धरू. मोजमापांची सरासरी २५.००८, प्रमाण विचलन (मापं सरासरीभोवती किती पसरलीत ते) ०.००५ मिलिमीटर. सीपी = ०.०४ ÷ (६ × ०.००५) = १.३३. पण सरासरीपासून वरची मर्यादा फक्त ०.०१२ वर आहे, म्हणून सीपीके = ०.०१२ ÷ (३ × ०.००५) = ०.८. मापांचा आलेख घंटेच्या आकाराचा असेल तर हजारात सुमारे ८ नग वरच्या मर्यादेबाहेर जातील. मशीन चांगलं आहे, फक्त सरकलेलं आहे. यंत्रातला हत्याराचा ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, व्यासात ०.००८ ने कमी करा, सीपीके १.३३ ला येईल.

मात्र आकडे कुठून आले ते बघा. पाच नगांवरून काढलेलं प्रमाण विचलन भरवशाचं नसतं, किमान ३० तरी घ्या. ०.०१ मिलिमीटर लघुतम मापाच्या मायक्रोमीटरने ०.००५ चा पसारा दिसणारच नाही, तिथे ०.००१ चं उपकरण लागतं. आणि एक्सेलमध्ये नमुन्याचं, म्हणजे शेवटी ‘एस’ असलेलं फंक्शन वापरा. ‘पी’ असलेलं पूर्ण समूहासाठी आहे, ते कमी नगांवर पसारा लहान दाखवतं.

प्रश्न: लॉगरिदम आता कुठे लागतो? *(स्थापत्य अभियंता, नांदेड)*

उत्तर: घातांक ओळखायला. ओढ्यावर ९० अंशांचा व्ही-नॉच (प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच) बसवलाय असं धरा. विसर्ग साधारण १.३८ गुणिले उंचीचा २.५ वा घात, उंची मीटरमध्ये आणि उत्तर घनमीटर प्रति सेकंद. १० सेंटीमीटरला ४.४ लिटर प्रति सेकंद, १२ सेंटीमीटरला ६.९. उंची २० टक्क्यांनी वाढली आणि विसर्ग ५८ टक्क्यांनी. तुमच्या नोंदींमधून उलट तपासा: विसर्गांच्या गुणोत्तराचा लॉग भागिले उंचींच्या गुणोत्तराचा लॉग. उत्तर २.५ च्या जवळ यायला हवं. १.५ च्या जवळ आलं तर पाणी आयताकृती नॉचसारखं वागतंय, बहुधा ते खाचेच्या वरून वाहतंय.

चूक किती महागात पडेल, ते इथे घातांकच ठरवतो. उंची ५ टक्के चुकली की विसर्ग साडेबारा टक्के चुकतो. म्हणून पट्टी नॉचला चिकटवून लावू नका, तिथे पाणी आधीच खाली झुकलेलं असतं. नॉचवरच्या पाण्याच्या उंचीच्या किमान चौपट अंतर प्रवाहाच्या वरच्या बाजूला ती लावा.

प्रश्न: जायकवाडीत ५०,००० क्युसेकने (घनफूट प्रति सेकंद) आवक सुरू असेल तर दिवसात धरण किती भरेल, हे पटकन कसं काढायचं? *(वाचक, पैठण)*

उत्तर: एकच आकडा पाठ करा: ११,५७४ क्युसेक २४ तास वाहिले की १ टीएमसी. तो येतो असा: दिवसाचे ८६,४०० सेकंद, आणि १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. म्हणून ५०,००० क्युसेकचे ४.३२ टीएमसी. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, उपयुक्त साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), आणि १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, म्हणजे साठा झाला ७६.७ टीएमसी. वाढ सुमारे ५.६ टक्के, आवक दिवसभर तेवढीच राहिली आणि विसर्ग सुरू नसला तर.

प्रश्न: सळईचं वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२ असं काढतात. हा १६२ कुठला? *(विद्यार्थी, जालना)*

उत्तर: चांगला प्रश्न विचारलात. एक मीटर सळईचं घनफळ गुणिले पोलादाची घनता, बस. व्यास मिलिमीटरमध्ये असल्यामुळे ०.७८५४ × ७,८५० ÷ १०,००,००० = ०.००६१६५, आणि एकला या आकड्याने भागलं की १६२.२. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८९ किलो, बारा मीटरची पूर्ण सळई १०.६७ किलो. ॲल्युमिनियमची घनता २,७०० घेतलीत तर १६२ च्या जागी ४७२ येतो. हा स्वतः काढून बघा.