व्हॉट, वॉट आणि ह्वॉट

प्रश्न असा आला आहे: "'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हाइट' या शब्दांत एच सायलेंट असतो, म्हणून 'वॉट', 'वेअर', 'वाइट' म्हणा, असे सांगतात. खरे काय? आणि एच सायलेंट असेल तर 'हू'मध्ये तोच कसा ऐकू येतो?"

आधी त्या 'सायलेंट'चा निकाल लावते, कारण हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकून माझा संयम संपला आहे. 'अवर' आणि 'ऑनेस्ट' यांतला एच खरोखर मुका. लॅटिनमध्ये तो होता, फ्रेंचच्या वाटेवर गळाला आणि इंग्रजीत पोचला तो फक्त कागदावर. 'व्हॉट'मधला एच मात्र इंग्रजीचा स्वतःचा, पहिल्यापासून बोलला जाणारा. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेचा दक्षिण भाग इथे पुष्कळांच्या तोंडी, विशेषतः जुन्या पिढीच्या, तो अजून आहे. त्यांच्याकडे 'कोणता' विचारणारा 'व्हिच' आणि चेटकीण असलेली 'विच' हे कानाला दोन वेगळे शब्द लागतात. लंडनने आणि दक्षिण इंग्लंडने हा फरक सोडून दिला. उच्चारकोशकार जॉन वॉकर याने १७९१ मध्येच तक्रार केली आहे की राजधानीतल्या लोकांच्या बोलण्यात असल्या जोड्यांमधला भेद उरलेला नाही. आज इंग्लंडमध्ये 'वॉट' हाच सर्वमान्य उच्चार आहे. अमेरिकी कोश दोन्ही देतात. तेव्हा 'वॉट' म्हणणारा चुकत नाही. 'ह'सकट म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणारा मात्र नक्की चुकतो.

आता खरी गंमत. तो 'ह' आहे कुठे? डब्ल्यूच्या नंतर नाही, आधी आहे. जुन्या इंग्रजीत हे शब्द 'ह्वॅट', 'ह्वॅर', 'ह्वीट' असे होते आणि लिहितानाही एच आधी, व नंतर असाच क्रम असे. १०६६ नंतर नॉर्मन लेखनिकांच्या हाती इंग्रजीचे लेखन गेले. 'च', 'श', 'थ' यांच्या जोडाक्षरांत एच दुसऱ्या जागी बसवायची सवय पडत गेली आणि त्याच साच्यात हाही जोड उलटा झाला. अक्षरे फिरली, उच्चार होता तसाच राहिला. ज्यांना तो उच्चार करून पाहायचा असेल त्यांनी शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करावा, कंठ न थरथरवता नुसती हवा फुंकावी आणि मग स्वरावर यावे. तोंडासमोर तळहात धरला तर फुंकर लागली पाहिजे. आंतरराष्ट्रीय उच्चारलिपीत या ध्वनीसाठी उलटा डब्ल्यू वापरतात.

आपण म्हणतो ते 'व्हॉट' यापेक्षा वेगळे. आपला 'व्ह' घोष आहे, म्हणजे कंठ थरथरवून केलेला. 'म्ह', 'न्ह', 'ल्ह' यांचा सख्खा भाऊ. आपण स्पेलिंग पाहून 'व्ह' म्हणायला लागलो, असे भाषेचे जाणकार म्हणवणारे लोक सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. संस्कृत 'जिह्वा' पाहा. आधी ह, मग व. मराठीच्या तोंडी तिची 'जिव्हा' झाली. 'आह्वान'चे 'आव्हान' झाले, 'विह्वल'वरून 'विव्हळणे' आले. एवढेच कशाला, 'चिह्न'चे 'चिन्ह', 'प्रह्लाद'चा 'प्रल्हाद', 'आह्लाद'चा 'आल्हाद'. ह आधी आणि अर्धस्वर किंवा अनुनासिक नंतर, हा क्रम मराठी जिभेला चालतच नाही. ती त्यांची अदलाबदल करते. इंग्रजांनी आजही एच आधी लिहिला असता तरी आपण 'व्हॉट'च म्हटले असते. 'जिह्वा' समोर ह-पूर्व लिहिलेली असूनही आपण 'जिव्हा'च वाचतो, याहून मोठा पुरावा कोणता हवा? नॉर्मन लेखनिकांनी कागदावर जे केले ते मराठी जीभ आपसूक करते, आणि म्हणून ते स्पेलिंग आपल्याला इतके सोयीचे वाटते. ('व्हॅन', 'व्होल्ट' यांतला 'व्ह' वेगळा. तिथे मूळ ध्वनी दात ओठावर टेकवून होणारा आहे आणि 'व्ह' ही त्याची लिहिण्यापुरती खूण. ही दोन प्रकरणे एकत्र केली की सगळा घोळ होतो.)

स्कॉट लोक या बाबतीत पहिल्यापासून हट्टी. त्यांच्याकडे हा ध्वनी घशातून घासून येई आणि ते तो क्यू, यू, एच अशा तीन अक्षरांनी लिहीत. अलेक्झांडर ह्यूम नावाच्या शिक्षकाने १६१७ च्या सुमारास लिहून ठेवले आहे की इंग्लंडमधल्या बाथ शहरात जेवणाच्या टेबलावर यावरून त्याचा कडाक्याचा वाद झाला. त्याचा मुद्दा असा की डब्ल्यू हे ओठांचे अक्षर. घशातल्या ध्वनीचे चिन्ह ते होऊच शकत नाही. वर्णांची स्थाने लहानपणी पाठ केलेल्या आपल्यासारख्यांना ह्यूम आपलाच वाटावा. ईशान्य स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनच्या बाजूला, तर या ध्वनीचा थेट 'फ' झाला. तिथे 'व्हॉट'ला 'फिट' म्हणतात आणि 'कसं काय' विचारायला 'फिट लाइक?'

पण ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते पुढे आहे. या इंग्रजी 'ह'चा मूळ पुरुष 'क' आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांची पूर्वज असलेल्या मूळ भारोपीय भाषेतल्या 'क्व'चा जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या, शाखेत 'ह्व' झाला. या नियमाला जर्मन भाषाभ्यासक याकोप ग्रिमचे नाव मिळाले. त्याने तो १८२२ मध्ये मांडला. पण डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने ही ध्वनिसाम्ये १८१८ मध्येच दाखवली होती, आणि त्याचे नाव कुणी घेत नाही हे मला खटकते. तर 'व्हॉट' म्हणजे वेदातले 'कद्', लॅटिनमधले 'क्वॉड'. आपल्या 'कोण', 'कधी', 'कुठे' यांतला 'क' आणि तो तथाकथित सायलेंट एच एकाच घरातले. 'व्हाइट'मध्ये मूळ 'क' जरा निराळा, तालव्य होता. संस्कृतात त्याचा 'श' झाला, म्हणून 'व्हाइट'चा भाऊबंद 'श्वेत'. तिथला 'श्व' आणि इथला 'ह्व' शेजारी ठेवून पाहा. गव्हाचा 'व्हीट'ही याच 'व्हाइट'चा नातलग, पांढरे धान्य म्हणून.

आणि 'व्हील'! जुने रूप 'ह्वेओल'. मूळ शब्दात 'क्व' दोनदा होता. ग्रीकमध्ये त्याचा 'किक्लॉस' झाला. संस्कृतात पहिल्या 'क'पुढे 'ए' होता म्हणून त्याचा 'च' झाला, दुसरा 'क' टिकला: 'चक्र'. त्यावरून प्राकृत 'चक्क' आणि मराठी 'चाक'. ग्रीक 'किक्लॉस' लॅटिनमधून इंग्रजीत गेला तो 'सायकल'. म्हणजे आपण 'सायकलचे चाक' म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा उच्चारतो, आणि इंग्रज त्याला 'व्हील' म्हणतो तेव्हा तो तिसऱ्यांदा येतो. या तिन्ही शब्दांत आज एकही व्यंजन समान उरलेले नाही असे वाटते, आणि तरी प्रत्येकाचा हिशेब लागतो!

'हू'चे राहिले. तिथे गळाला तो एच नव्हे, डब्ल्यू. 'ह्वा' हे जुने रूप. पुढचा 'आ' शतकानुशतके वर सरकत 'ऊ' झाला आणि ओठ गोल करणाऱ्या स्वरापुढे ओठांचाच 'व' विरघळला. दोन या अर्थाच्या 'टू'मध्येही हेच घडले: पूर्वी 'ट्वा', आपल्या 'द्वि'चा भाऊ, आणि त्यातला 'व' आता फक्त स्पेलिंगमध्ये दिसतो. 'संपूर्ण' या अर्थाच्या 'होल'मधला डब्ल्यू मात्र निव्वळ घुसखोर आहे. मूळ शब्द 'हाल', म्हणजे धडधाकट. 'हील' आणि 'हेल्थ' त्याच्याच घरातले. पंधराव्या शतकाच्या सुमारास कुणी तरी त्याच्या सुरुवातीला डब्ल्यू चिकटवला आणि तो तसाच राहिला.