शब्दचर्चा : 'चुंबकीय नॅनोधागा' की आणखी काही?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आला आहे. एका आरोग्यपुस्तिकेच्या मराठी मजकुरात पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या द्रव्याच्या) अशा अतिबारीक तंतूंचा उल्लेख आहे, जे शरीरात बसवल्यावर एमआरआयमध्ये दिसावेत म्हणून मुद्दाम तसे बनवलेले असतात. लेखकाने त्यांना 'चुंबकीय नॅनोधागा' म्हटले. तपासनिसाने ते खोडून 'एमआरआयस्नेही नॅनोसूत' केले. दोघांपैकी बरोबर कोण, आणि आपल्याकडे सर्रास बोलतात ते कन्नड 'नूलु' (म्हणजे सूत) डोळ्यांसमोर ठेवून 'सूत' चालेल का, असे विचारले आहे.

माझ्या मते दोन्ही शब्द बाद करावेत. 'सूत' आधी निकालात काढू, कारण ते सोपे आहे. बेळगावच्या वडगाव-शहापूर-खासबागेतल्या कुठल्याही मागवाल्याला विचारा, सूत म्हणजे पीळ दिलेले, अनेक तंतूंचे मिळून झालेले. कापसाचा एक तंतू म्हणजे सूत नव्हे. नूलुचेही तेच. इथे जी वस्तू आहे तिला पीळ नाही, ती कांडीवर भरत नाहीत, तिला ताणा-बाणाही नाही. सिरिंजमधल्या पॉलिमरच्या द्रावणाला दहा-वीस किलोव्होल्टचा दाब दिला की सुईच्या टोकाशी द्रावणाचा शंकू होतो, त्यातून एक बारीक धार निघते, हवेत वेडीवाकडी फिरत सुकते आणि समोरच्या धातूच्या पत्र्यावर किंवा फिरत्या ढोलावर थरावर थर बसतो. हाती येते ती न विणलेली, कागदासारखी चादर. म्हणून एकेकाला 'तंतू' आणि सगळ्यांना मिळून 'तंतुपट' किंवा नुसते 'पट्टी' म्हणावे. कन्नडात नेमका शब्द 'नारु' आहे, पण तो मराठीत उचलू नका. आपल्याकडे नारू म्हणजे पायातून निघणारा कृमी, आणि जुन्या माणसांना तो अजून आठवतो.

'नॅनो' राहू द्या. 'अब्जांश' हा पर्याय छापील मजकुरात दिसतो, पण हे तंतू साधारण 100 ते 1000 नॅनोमीटर जाडीचे असतात. 'अब्जांश तंतू' वाचून मीटरचा अब्जावा भाग एवढीच जाडी असावी असे वाटते आणि हिशेब शेकडो पटींनी चुकतो.

आता मूळ मुद्दा. 'चुंबकीय' का नको?

एमआरआय यंत्र मुख्यत्वे पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा संकेत टिपते. पॉलिमरमध्येही हायड्रोजन भरपूर असतो, पण तो घन पदार्थात जखडलेला असल्याने त्याचा संकेत मिलिसेकंदाच्या अंशभागातच विरतो. नेहमीच्या पद्धतीत यंत्र संकेत वाचायला लागेपर्यंत तो संपलेला असतो. शिवाय रुग्णालयातल्या एमआरआयच्या चित्रातला सगळ्यात लहान चौकोन साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचा. 500 नॅनोमीटरचा तंतू त्याच्या हजाराव्या भागाहून मोठा नाही. म्हणजे सुटा तंतू या चित्रात कधीच दिसत नाही. दिसतो तो त्याच्या शेजारच्या पाण्यावर झालेला परिणाम, तोही पुष्कळ तंतू एका जागी असतील तर. मराठीत याला 'उमटणे' हे नेमके क्रियापद आहे. ओल्या मातीत पाऊल उमटते तेव्हा समोर पाऊल नसते, मातीत झालेला फरक असतो. म्हणून 'एमआरआयमध्ये उमटणारे नॅनोतंतू' असे मी सुचवतो. 'दृश्य' किंवा 'दिसणारे' अगदीच चुकीचे नाही, पण त्याने तंतूच दिसतो असा समज होतो.

शिवाय उमटवण्याचे मार्ग तीन आहेत आणि 'चुंबकीय' हा शब्द त्यांतल्या एकालाच, तोही अर्धवट, लागू पडतो.

पहिला मार्ग आयर्न ऑक्साइडच्या दहाएक नॅनोमीटरच्या कणांचा. हे कण सुपरपॅरामॅग्नेटिक असतात: बाहेरचे चुंबकीय क्षेत्र असेपर्यंत जोरदार चुंबकित होतात, ते गेले की काही उरत नाही. त्यांच्यामुळे भोवतालच्या पाण्याचा संकेत लवकर विस्कटतो आणि ती जागा काळी उमटते. परिणाम कणापासून दूरवर पोचतो, त्यामुळे कण तंतूच्या पोटात बंद असले तरी चालते. दुसरा गॅडोलिनियमचा. त्याच्या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि जवळ आलेल्या पाण्याचा संकेत तो उजळ करतो. पण 'जवळ आलेल्या' हे महत्त्वाचे. पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारख्या पाणी न शोषणाऱ्या पॉलिमरमध्ये गॅडोलिनियम पुरून टाकला तर पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही आणि उजळ काही उमटत नाही. तो पृष्ठभागावर बांधावा लागतो किंवा पाणी शोषणारा पॉलिमर घ्यावा लागतो. मोकळा गॅडोलिनियम विषारी असल्याने तो रासायनिक पिंजऱ्यात धरून ठेवलेला असतो. काही पिंजरे सैल असतात, आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा घट्ट होत जाण्याच्या विकाराशी त्यांचा असलेला संबंध 2006 साली पुढे आला. तिसरा मार्ग फ्लोरिनचा. शरीराच्या मऊ भागात मोजण्याजोगा फ्लोरिन नसतोच, त्यामुळे जे उमटेल ते आपलेच. मात्र त्यासाठी संकेत टिपणारे वेगळे वेटोळे, म्हणजे कॉइल, लागते, कारण दोघांच्या संकेतांची वारंवारता वेगळी (3 टेस्ला ताकदीच्या यंत्रात हायड्रोजन 128 मेगाहर्ट्‌झच्या आसपास, फ्लोरिन 120च्या) आणि फ्लोरिन हालचाल करू शकणाऱ्या द्रवरूप रेणूत हवा. टेफ्लॉनमध्ये फ्लोरिन खच्चून भरलेला असूनही नेहमीच्या चित्रणात तो उमटत नाही, कारण तोही जखडलेला.

म्हणजे पुस्तिकेत फरक सांगायचा झाला तर 'गडद उमटणारे', 'उजळ उमटणारे' आणि 'फ्लोरिनमुळे उमटणारे' अशी विशेषणे वापरता येतील. गॅडोलिनियमला इथले लोक 'डाय' म्हणतात, तसे लिहू नये. तो कशालाही रंगवत नाही. 'कॉन्ट्रास्ट' हा शब्द रुग्णांच्या कानांवरून गेलेला आहे, तोच बरा.

पुस्तिकेत हे तंतू तयार करण्याच्या कृतीचे पान आहे म्हणून त्याच्या शब्दांकडेही वळतो. 'लोहचूर्ण मिसळावे' असे तिथे छापले आहे. हे धोक्याचे. लोहचूर्ण म्हणजे लोखंडाचा कीस असे वाचणारे वाचतील, कोणी लोहभस्मही समजेल. 'ओलेइक आम्लाचा लेप असलेले आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण' असे पूर्ण लिहा, कारण लेपावरच सगळे अवलंबून आहे. हा लेप असलेले कण क्लोरोफॉर्म या द्रावकात पसरतात, पाण्यात गोळा होतात.

'मिसळावे' हेही पुरेसे नाही, क्रम सांगितला पाहिजे. नमुन्यादाखल 10 मिलिलिटर द्रावणात 1.2 ग्रॅम पॉलिकॅप्रोलॅक्टोन घेतले, तर पॉलिमरच्या एक टक्का म्हणजे 12 मिलिग्रॅम कण. कण आधी नुसत्या क्लोरोफॉर्ममध्ये टाकून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये वीसेक मिनिटे 'पसरवावेत', मग पॉलिमर घालून रात्रभर ढवळावे, शेवटी थोडे डायमिथिलफॉर्मामाइड हे दुसरे द्रावक घालावे. उलट क्रमाने गेलात तर द्रावण आधीच दाट झालेले असते, गुठळ्या सुटत नाहीत. सगळे फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात. सुरुवातीला सुईचा प्रवाह तासाला 1 मिलिलिटर, सुई ते ढोल 15 सेंटिमीटर, दाब 15 किलोव्होल्ट ठेवावा आणि तिथून जुळवत जावे. सिरिंज तासन्‌तास तशीच राहिली तर कण खाली बसतात, आणि पट्टीच्या सुरुवातीच्या व शेवटच्या थरांत लोहाचे प्रमाण वेगळे येते.

द्रावण पातळ झाले तर तंतूवर मणी येतात. यासाठी पुस्तिकेत 'गाठी' लिहिले आहे, तिथे 'मणी' लिहा. गाठ बांधावी लागते, हे आपोआप होतात. बेळगावच्या पावसाळ्यात आणखी एक दोष हमखास दिसेल: क्लोरोफॉर्म उडताना तंतू थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते आणि सुकल्यावर तंतूला भोके राहतात. त्याला 'सच्छिद्र' म्हणा, 'फाटलेला' नको. खोलीची आर्द्रता 40-50 टक्क्यांवर आणल्याशिवाय आषाढ-श्रावणात हे काम धड होत नाही.

तपासणीच्या परिच्छेदात 'काळे दिसल्यास तंतू उमटले असे समजावे' हे वाक्य आहे. ते काढाच. कोरडी पट्टी पाणी झटकते, तिच्यात हवा अडकते, आणि हवासुद्धा एमआरआयमध्ये काळीच उमटते. पट्टी आधी 70 टक्के इथेनॉलमध्ये भिजवून मग पाण्यात बदलून घ्यावी, 1 टक्का अगरच्या जेलमध्ये बुडबुडा न राहू देता बसवावी, आणि शेजारी लोह न घातलेली तशीच पट्टी ठेवावी. दुसरीही काळी आली तर पहिलीवर विश्वास ठेवू नये. ग्रेडियंट एको प्रकारच्या चित्रात लोहाचा डाग प्रत्यक्षापेक्षा 'फुगून' उमटतो, म्हणून अशा तंतूंची शरीरात बसवलेली जाळी आक्रसली की नाही हे मोजायचे असेल तर एको टाइम (संकेत वाचेपर्यंतचा वेळ) कमी ठेवावा, किंवा स्पिन एको या दुसऱ्या प्रकारच्या चित्राशी ताडून पाहावे. त्याशिवाय मिलिमीटरमधले आकडे छापू नयेत.

राहता राहिला तपासनिसांचा 'एमआरआयस्नेही'. हा शब्द 'चुंबकीय'पेक्षा जास्त घातक वाटतो. यंत्रात उमटणे आणि यंत्रात नेणे सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरक्षिततेसाठी तीन शिक्के ठरलेले आहेत: बिनशर्त सुरक्षित, अटींसह सुरक्षित आणि असुरक्षित. टायटॅनियमची क्लिप अटींसह चालते, पण तिच्याजागी चित्रात नुसता खड्डा पडतो. साधी पॉलिमरची जाळी बिनशर्त चालते आणि उमटत मात्र नाही. लोहकण घातलेली जाळी छान उमटते, पण तिच्यात चुंबकित होणारे द्रव्य असल्याने तिला बिनशर्त सुरक्षित म्हणता येत नाही, चाचणी करून अटी लिहाव्या लागतात. 'स्नेही' म्हटले की हा सगळा भेद पुसला जातो. उलट 'चुंबकीय' वाचून, दारातच अंगावरचे दागिने उतरवायला लावणाऱ्या खोलीत पोटात चुंबक घेऊन कसे जायचे, या धास्तीने रुग्ण तपासणीच टाळेल.

तेव्हा मूळ वाक्य असे करावे: 'या जाळीच्या तंतूंमध्ये आयर्न ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असल्याने ती एमआरआयमध्ये गडद उमटते. एमआरआयपूर्वी जाळीचे कार्ड तंत्रज्ञाला दाखवावे.'

शुद्धलेखनाचे विचारले आहे म्हणून: एकटा शब्द 'तंतू', दीर्घ. समासात पहिला आला की ऱ्हस्व, म्हणजे 'तंतुपट', 'तंतुमय'. 'नॅनोतंतू' जोडून, आणि 'नॅनोतंतूंची' यात तू दीर्घच राहतो.