मुंबई–सिंगापूर–टोकियो आणि परत बँकॉकमार्गे: चारही टप्पे बिझनेस क्लासने घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की भाऊ टोकियोला असतो, आईवडील कुडाळहून पहिल्यांदाच परदेशी निघालेत आणि एजंट चारही टप्पे बिझनेसने घ्या म्हणून मागे लागलाय. पैसे कसेबसे जमतील, पण घ्यावेत का?

चारही नकोत. एकच घ्या, सिंगापूर ते टोकियो, तेही रात्रीचं विमान असेल तर.

आम्ही नेमका हाच प्रवास जूनअखेर केला, चारही टप्पे बिझनेसने. आम्ही कणकवलीकडचे, थोडी आंब्याची बाग आहे. मुलगा तिकडे नोकरीला. हिचा गुडघा बदललेला, म्हणून त्यानेच हट्टाने तिकिटं काढली. इकॉनॉमीच्या जवळजवळ तिप्पट. आकडा ऐकून ही एवढंच म्हणाली, "निजाक इतके पैशे?"

पहिला टप्पा मुंबई–सिंगापूर, साडेपाच तास, तोही दिवसाउजेडी. जेवलो, खिडकीतून ढग बघितले, उतरलो. पैसे वाया गेले असं नाही म्हणणार, पण तेवढा वेळ आपण एसटीतही बसतो.

सिंगापूर–टोकियो मात्र सात तासांचा, मध्यरात्रीच्या सुमाराला सुटून सकाळी पोचवणारा. तिथे खुर्ची खरोखर आडवी होते, अगदी सपाट. पाय पुढच्या खोबणीत जातात. ती अरुंद असते, त्यामुळे कुशीवर वळलं की गुडघा कडेला लागतो. हिने तासभर बटणांशी झटापट केली, मग खुर्ची अर्धवट ठेवून त्यावर चक्क मांडी घातली आणि "आता बरां वाटता" म्हणाली. हवाई सुंदरीने हसून गादी अंथरून दिली. त्यानंतर ही जी झोपली ती नाश्त्याच्या वेळीच उठली. टोकियोला उतरल्यावर मुलाच्या घरापर्यंत आणखी दोन लोकलगाड्या बदलायच्या होत्या, त्या तिने काठी न टेकता बदलल्या. मला विचाराल तर तिप्पट पैशातले खरे वसूल झाले ते एवढेच. जेवणाचं म्हणाल तर मासा छान मऊ होता, पण तिरफळाशिवाय कसली आमटी!

परतीला टोकियो–बँकॉक दिवसाचं विमान, ठीकठाक. आणि बँकॉक–मुंबईला आमची फजिती झाली. तिकिटावर बिझनेस, प्रत्यक्षात लहान विमान, पुढे दोन-दोनच्या थोड्या रांगा आणि लक्झरी बसमध्ये असते तशी मागे कलणारी खुर्ची. साडेचार तास. रात्रीची वेळ, आणि हिचा पाय लोंबकळत राहिला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. आम्हीच बघितलं नाही. मुंबईच्या बाजारात कर्नाटकचा आंबाही देवगडच्या पेटीतून विकतात ना, तसंच हे. पेटीवरचं नाव वाचू नका, आतलं फळ बघा.

बघायचं कसं? एजंटकडून प्रत्येक टप्प्याचं विमान कोणतं ते लिहून घ्या. 777, 787, 350 असा आकडा असेल तर बहुधा आडवी होणारी खुर्ची मिळते. 320, 321, 737 असेल तर सावध व्हा. त्यातल्या काहींत आडवी खुर्ची असते, पण बहुतेकांत नसते. मग आसनांचा नकाशा उघडा. 1-2-1 अशी मांडणी दिसली तर दोघांसाठी मधली जोडी धरा, नाहीतर तुमची आई एका खिडकीला आणि वडील दुसऱ्या.

एजंट कदाचित सांगेल की एक टप्पा बिझनेस आणि बाकी इकॉनॉमी असं होत नाही. होतं. एकाच पीएनआरवर होतं, आणि एकाच पीएनआरवरच करा. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर पुढचं चुकल्याची जबाबदारी कुणीच घेत नाही, आणि बॅगाही मध्येच उतरवून घ्याव्या लागू शकतात. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसांना ते जमणार नाही. लाउंज पुढच्या विमानाच्या वर्गावर मिळतं, म्हणजे रात्रीचा टप्पा बिझनेसचा असेल तर सिंगापूरला थांबायला जागा, गरम पाणी, आंघोळ, सगळं त्यातच आलं. (तिथल्या विमानतळाला लागून असलेल्या ज्युएल मॉलमधला 40 मीटरचा धबधबा बघू म्हणून आम्ही निघालो होतो. तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणून राहिलाच. जाऊ दे, आपल्याला आंबोली आहे.)

चालायला त्रास असेल तर व्हीलचेअर बहुतेक कंपन्या कुठल्याही वर्गात फुकट देतात. निव्वळ लांब चालणं टळावं म्हणून बिझनेस घेत असाल तर घेऊ नका, तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा.

पैसे भरूनही आयत्या वेळी कंपनीनेच खालच्या वर्गात बसवलं तर गप्प राहू नका. फेब्रुवारी 2023 पासून डीजीसीएचा, म्हणजे आपल्याकडच्या विमानवाहतूक नियामकाचा, नियम आहे: आंतरराष्ट्रीय उड्डाण 1500 किलोमीटरपर्यंत असेल तर करांसकट तिकिटाच्या 30 टक्के, 3500 पर्यंत 50 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के परत द्यावे लागतात.

सामानाचं एक. बिझनेसला वजन जास्त मिळतं म्हणून आईने आंब्याची पेटी भरली तर काढून ठेवा. जपानने आपल्या आंब्याला 2006 मध्ये दार उघडलं, पण ते उष्णबाष्प प्रक्रिया करून, कागदपत्रांसह जाणाऱ्या मालाला. पिशवीतला आंबा विमानतळावरच जाईल. मांसाचं काहीही नको, डब्यातलंसुद्धा. आंबापोळी, कोकम, कुळथाचं पीठ आमच्याबरोबर सुखरूप पोचलं. एकेक बॅग मात्र 32 किलोच्या आत ठेवा. त्यापुढची उचलतच नाहीत, वर्ग कुठलाही असो.

आणि खरा अवघड टप्पा आहे कुडाळ ते मुंबई, त्याला बिझनेस क्लास नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं, गाड्या हळू चालतात, दरड आली तर थांबतात. कोकणकन्या पहाटे मुंबईत सोडते म्हणून त्याच सकाळचं विमान धरायला जाऊ नका. एक दिवस आधी जा, ठाण्या-डोंबिवलीत कुणीतरी असेलच. वाचलेल्या पैशातून रेल्वेचं एसीचं तिकीट काढा, दोघांनाही खालचा बर्थ मागा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि परत यायची तारीख गणपतीच्या आसपास असेल तर मिनिटांत संपतं, तेव्हा विमानाच्या तारखा ठरल्या की आधी आरक्षण उघडण्याचा दिवस मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.